पाहुणा साहित्यिक आणि मुलांचे लेखन

शाळेत साहित्यिक येतो, ही घटना मराठी शाळांना नवी नाही. स्नेहसंमेलनाचा अध्यक्ष, पारितोषिक-वितरणाचा प्रमुख पाहुणा, एखाद्या जयंतीचा वक्ता अशा नात्यांनी तो येतो. शाल आणि श्रीफळ स्वीकारतो. आपल्या बालपणाच्या दोन-चार आठवणी सांगतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. या भेटीचा मुलांच्या लेखनाशी काही संबंध असतो काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच तर त्याचे उत्तर दोन ठरीव वाक्यांत आटोपते. एक पक्ष म्हणतो, प्रतिभा जन्मजात असते, ती कोणी कोणास देऊ शकत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, थोरांच्या सहवासाने मुलांना प्रेरणा मिळते. पहिल्या उत्तराने शिक्षणाची जबाबदारी टळते आणि दुसऱ्याने पुराव्याची. ‘प्रेरणा’ हा शब्द तर आपल्या वाङ्मयचर्चेत इतका झिजला आहे की, त्याखाली नेमके काय घडले हे शोधण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे.

मराठी वाङ्मयेतिहासकारांनी एका कवीचा दुसऱ्या कवीवर पडलेला प्रभाव पुष्कळ तपासला आहे. कल्पनासाम्य, शब्दसाम्य, वृत्तसाम्य यांच्या याद्या तयार आहेत. परंतु वडील लेखक आणि लिहू पाहणारे मूल समोरासमोर आले तेव्हा वडील लेखकाने प्रत्यक्ष केले काय, त्याने ऐकले की ऐकविले, दुरुस्त केले की तसेच राहू दिले, किती दिवस सोबत ठेवले, हा तपशील चरित्राचा भाग समजून समीक्षेने बाजूला ठेवला आहे. वस्तुतः लेखकाच्या घडणीचा विचार करावयाचा तर हाच तपशील मोलाचा आहे. त्या दृष्टीने मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पुन्हा एकदा पाहणे उपयुक्त ठरेल.

१९०७ साली जळगाव येथे महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्षस्थानी होते आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक उपस्थित होते. या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सुमारे सतरा वर्षांच्या मुलाने आपली कविता म्हणून दाखविली. सभा चकित झाली आणि कीर्तिकरांनी त्या मुलास ‘बालकवी’ ही पदवी दिली. आख्यायिकेचा हा भाग शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाने मुलांपर्यंत पोहोचविला आहे. तिचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. टिळकांनी या मुलाशी संबंध तुटू दिला नाही. पुढे त्यास अहमदनगरला आपल्या घरी आणून ठेवले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई टिळकांनी या घरातील ठोमऱ्यांचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात सत्कारमूर्ती कवी नाही, घरातल्या माणसांत मिसळलेला, हट्टी, हळवा, सांभाळावा लागणारा पोरगेला तरुण आहे.

या एकाच प्रसंगात पाहुण्या साहित्यिकाच्या दोन भूमिका शेजारी शेजारी उभ्या आहेत. कीर्तिकरांनी नाव दिले; टिळकांनी जागा दिली. नाव देण्याचे काम एका क्षणात होते आणि त्यास टाळ्या मिळतात. जागा देण्याच्या कामास वेळ लागतो, पैसा लागतो, घरातील दुसऱ्या माणसाची संमती लागते आणि त्याचा गाजावाजा होत नाही. शाळांनी आजवर अनुकरण केले ते पहिल्या भूमिकेचे. कीर्तिकरांच्या कृतीस कमी लेखण्याचे कारण नाही. अनोळखी मुलाच्या कवितेस भर सभेत दाद देण्यास रसिकता लागते. तथापि त्या पदवीने केलेले नुकसानही पाहिले पाहिजे. सतराव्या वर्षी मिळालेले ‘बाल’ हे विशेषण या कवीस अखेरपर्यंत चिकटून राहिले. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली त्यांचा अपघाती अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. परंतु ‘औदुंबर’सारखी प्रौढ आणि गूढ कविता लिहिणारा कवी वाचकांच्या मनात बालकच राहिला. त्यांच्या उदास, अंतर्मुख कवितांकडे समीक्षेने उशिरा लक्ष दिले, यास हे विशेषण काही अंशी कारण झाले असावे. मुलाच्या पहिल्या यशावर शिक्का मारून देण्यातला हा धोका शाळांनी ओळखला पाहिजे. आठवीतल्या मुलीस व्यासपीठावरून ‘उद्याची थोर कवयित्री’ म्हटले की, नववीत तिला वाईट कविता लिहिण्याची सोय उरत नाही. आणि वाईट कविता लिहिल्यावाचून पुढची चांगली कविता येत नाही.

टिळकांच्या घरात ठोमऱ्यांना काय मिळाले असेल? येथे समीक्षकाने जपून बोलले पाहिजे. टिळकांनी त्यांना अमुक धडे दिले, अमुक ओळी सुधारल्या, असे सांगण्यास आधार नाही आणि तसे सांगण्याची गरजही नाही. आधार आहे तो दोघांच्या कवितांचा. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात. फूल, पाखरू, मूल यांविषयीची कोवळीक दोघांतही आहे. परंतु टिळकांचे फूल बहुधा काहीतरी शिकविते; त्याच्यामागे ईश्वराची करुणा किंवा मानवी वर्तनाचा बोध उभा असतो. बालकवींचे फूल शिकवीत नाही. ते स्वतःच्याच आनंदात असते. ‘फुलराणी’तील सृष्टी कोणताही उपदेश पुरा करण्यासाठी जन्मलेली नाही. म्हणजे शिष्याने गुरूचा विषय उचलला, गुरूचा हेतू मात्र उचलला नाही. एका प्रबळ श्रद्धेच्या, धर्मप्रसारास वाहिलेल्या कवीच्या घरी राहून एका मुलाने स्वतःची श्रद्धाविरहित निसर्गदृष्टी जपली, यात त्या मुलाच्या प्रतिभेइतकेच त्या घराच्या मोकळेपणाचेही श्रेय आहे. पाहुण्या साहित्यिकाचे यश मोजावयाचे तर हीच कसोटी लावावी लागेल. मुले त्याच्यासारखे लिहू लागली तर तो अयशस्वी झाला असे समजावे.

या घराविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथून आणखी एक लेखन जन्मास आले, ते लक्ष्मीबाईंचे. त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर घरीच झाली. परंतु १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ची भाषा टिळकांच्या संस्कृतप्रचुर, वृत्तबद्ध भाषेची छाया नाही. ती बोलणाऱ्या बाईची भाषा आहे; तिच्यातले हसू, चिमटे आणि थांबे बोलण्यातलेच आहेत. एकाच लेखकाच्या सहवासात दोन माणसे लिहू लागली आणि दोघांनीही आपापला आवाज राखला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा पुरावा नव्हे.

टिळकांचा संबंध नागपूरशीही होता. अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते नागपुरात राहिले; ‘स्मृतिचित्रे’तील कितीतरी पाने या शहरात घडतात. आणि १८८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत शिक्षणासाठी विदर्भात आलेल्या कृष्णाजी केशव दामले या विद्यार्थ्याची व टिळकांची ओळख झाली ती नागपुरातच, असे केशवसुतांच्या चरित्रात नोंदलेले आढळते. केशवसुत व बालकवी या दोघांनाही विद्यार्थिदशेत भेटलेला वडील कवी एकच असावा, ही गोष्ट अर्वाचीन मराठी कवितेच्या इतिहासात जेवढी ठळकपणे मांडली जावयास हवी होती तेवढी मांडली गेलेली नाही. अर्थात केशवसुतांच्या बाबतीत ही ओळख किती खोल होती, याविषयी अनुमानाचे इमले उभारण्यात अर्थ नाही.

पाहुणेपणाच्या दुसऱ्या टोकास साने गुरुजी आहेत. ते पाहुणे नव्हतेच. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. या छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित चालविले. मुले उठण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहून ते त्यांच्यासमोर ठेवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या वेगामागे रोज, ठरावीक वेळी, ओळखीच्या मुलांसाठी लिहिण्याची अमळनेरमधील काही वर्षांची सवय होती, हे लक्षात घेतले जात नाही. येथे लेखकाने मुलांना घडविले असे म्हणतात. मुलांनी लेखक घडविला, असेही तितक्याच आधाराने म्हणता येईल. छात्रालयातील मुलांना त्यातून मिळाले ते लेखनाचे नियम नव्हेत. लेखन ही छापखान्यात तयार होऊन येणारी वस्तू नसून कालच्या दिवसातून आज सकाळी हाताने तयार होणारी गोष्ट आहे, हे त्यांनी पाहिले. मराठी शाळांत आजही काही ठिकाणी वर्षातून एकदा ‘हस्तलिखित’ निघते. सुंदर अक्षराच्या चार मुली ते लिहितात, चित्रकलेचे शिक्षक मुखपृष्ठ रंगवितात आणि मग ते कपाटात जाते. दैनिकाचे वार्षिक झाले की, त्यातला प्राण कसा जातो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने ‘साने गुरुजी कथामाला’ उभी राहिली आणि गावोगावच्या शाळांत कथाकथन पोहोचले. याच सुमारास विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तीन कवी महाराष्ट्रभर काव्यवाचन करीत हिंडू लागले. या दोन्ही उपक्रमांनी कान तयार केले. कविता ही अर्थ शोधण्याची आणि अलंकार ओळखण्याची वस्तू नसून ऐकण्याची वस्तू आहे, हे एका पिढीला त्यांनीच पटविले, आणि ‘राणीची बाग’ (१९६१) सारख्या संग्रहातून विंदांनी मुलांच्या कवितेस उपदेशातून सोडवून खट्याळ केले. परंतु कान तयार होणे आणि हात तयार होणे यांत अंतर आहे. श्रोता म्हणून बसलेले मूल एका सुंदर गोष्टीसमोर असते. ती गोष्ट कशी होते हे त्यास दिसत नाही. कित्येकदा उत्तम सादरीकरणाने मूल दबून जाते. तेव्हा या परंपरेचा गौरव करताना तिच्याकडून लेखनशिक्षणाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

देशाबाहेर हा प्रश्न विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात एकाच वेळी अनेक ठिकाणी उपस्थित झाला, हे लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये टेड ह्यूज यांनी शाळांसाठी केलेल्या नभोवाणी-भाषणांचे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. १९६८ मध्ये जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या दोन कवींनी काही शाळकरी मुलांना घेऊन निवासी लेखनवर्ग भरविला आणि त्यातून ‘आर्व्हन’ ही संस्था उभी राहिली. तिचे तत्त्व साधे होते: मुलांनी लेखकाबरोबर काही दिवस राहावे, स्वयंपाक करावा, लिहावे. टिळकांच्या घराशी असलेले या कल्पनेचे साम्य उघड आहे. अमेरिकेत केनेथ कॉक हे कवी न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत जाऊ लागले आणि त्या अनुभवाचे त्यांचे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक ओळीचा आरंभ ‘मला वाटते की’ अशा एकाच शब्दसमूहाने करावयाचा, प्रत्येक ओळीत एक रंग आणावयाचा, अशा युक्त्यांनी त्यांनी मुलांचे भय घालविले. या पद्धतीवर आक्षेपही आले. युक्तीने ओळी झरझर येतात. पण त्या मुलाच्या असतात की युक्तीच्या, हा प्रश्न मायरा कोन लिव्हिंग्स्टन यांच्यासारख्या बालकवितेच्या अभ्यासकांनी उपस्थित केला. तो आजही सुटलेला नाही.

इटलीतील जान्नी रोदारी यांचे उदाहरण या विषयात अधिक उपयोगी आहे. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया येथे शिक्षकांसमोर केलेल्या विवेचनातून त्यांचे कल्पनाशक्तीच्या व्याकरणाविषयीचे पुस्तक तयार झाले आणि ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द, उदाहरणार्थ ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’, शेजारी ठेवावे आणि त्यांच्यामध्ये नाते जुळविताना गोष्ट जन्मास यावी, ही त्यांची प्रसिद्ध युक्ती. रोदारी मुलांपुरते थांबले नाहीत, शिक्षकांशी बोलले, यात त्यांचे शहाणपण आहे. लेखक निघून जातो, शिक्षक राहतो.

आता हा विचार नागपूर जिल्ह्यातील खाप्यापर्यंत आणला म्हणजे त्याची परीक्षा होते. सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेले हे गाव विणकरांचे जुने केंद्र आहे. आसमंतात शेती आणि संत्र्यांचे बगीचे, जवळच गुमगावची मँगनीजची खाण, आणि गावात कोष्ट्यांची घरे. यंत्रमागापुढे हातमाग मागे हटला असला तरी ताणा, बाणा, धोटा, फणी, कांडी, खळ हे शब्द अशा गावात आजी-आजोबांच्या तोंडी अजून जिवंत असतात. अशा गावातल्या शाळेत साहित्यिक आला तर त्याच्यापुढे बसलेल्या मुलांच्या वहीत काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही, कारण ते महाराष्ट्रभर एकच असते: ‘माझा आवडता ऋतू’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’, ‘सूर्य उगवला नाही तर’.

या विषयांची चेष्टा करण्याची पद्धत पडली आहे. ती सर्वस्वी योग्य नाही. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ हा विषय मुळात विलक्षण आहे. अचेतन वस्तूस ‘मी’ म्हणावयास लावणे, तिच्या जागी उभे राहून जग पाहणे, ही कवितेचीच क्रिया आहे. निर्झरास हाक मारणारे बालकवी यापेक्षा निराळे काही करीत नव्हते. ‘सूर्य उगवला नाही तर’ हा विषय रोदारींनी शोधला असता तर आपण त्याचे कौतुक केले असते. म्हणजे मराठी शाळेने कल्पनेचे बीज पेरले नाही, असे नव्हे. तिने ते पेरले आणि लगेच बाजारातील निबंधपुस्तिकेचा दगड त्यावर ठेवला. फाटके पुस्तक कोणत्या दुकानात जन्मले, कोणत्या श्रीमंत मुलाने त्याची हेळसांड केली आणि शेवटी त्याने कोणता संदेश दिला, हे सर्व आधीच छापलेले असते. मूल कल्पना करीत नाही, पाठ करते. पाहुण्या साहित्यिकाने या परिस्थितीत नवे विषय आणण्यापेक्षा जुन्याच विषयावरील दगड उचलावा, हे अधिक फलदायी होईल. पुस्तकाऐवजी घरातील धोट्याचे आत्मवृत्त लिहावयास सांगितले तर छापील नमुना उपयोगी पडत नाही. धोटा दिवसभरात कितीदा जातो-येतो, कशाने अडतो, कोणाच्या हाताला घट्टा पडला आहे, माग उठल्यावर तो कोठे पडून राहिला, हे मुलास घरी विचारून यावे लागते. आणि विचारून येणे ही लेखनाची पहिली पायरी आहे, हे शाळेने त्यास कधी सांगितलेले नसते.

दुसरा प्रश्न भाषेचा. आणि येथे साहित्यिकाच्या भेटीत खरोखर काहीतरी पणाला लागलेले असते. या भागातील मूल ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणते, ‘का’ न म्हणता ‘काहून’ म्हणते, आणि ‘आजी कांड्या भरते आहे’ असे न म्हणता ‘आजी कांड्या भरून राहिली’ असे म्हणते. वहीत ही रूपे आली की, लाल शाईची रेघ येते. शिक्षकाची अडचण खोटी नाही. परीक्षा प्रमाणभाषेत द्यावयाची आहे आणि तीत मुलाचे भवितव्य आहे. तथापि ‘भरून राहिली’ यास केवळ हिंदीच्या संसर्गाने झालेली चूक मानणे भाषाशास्त्रीय दृष्ट्याही घाईचे आहे. चालू असलेली, संपत नसलेली क्रिया डोळ्यांपुढे धरून ठेवण्याची या प्रयोगाची शक्ती लेखकाच्या कानाने तत्काळ ओळखावयास हवी. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील माणसे वऱ्हाडीत बोलतात म्हणून ती खरी वाटतात, गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ (१९५७) लिहिताना या बोलीचेच बळ घेतले. नागपूरकडची बोली आणि वऱ्हाडी एक नव्हे, हे खरे. परंतु साहित्यात जी गोष्ट पुरस्कारास पात्र ठरते ती शाळेच्या वहीत दोष का ठरावी, याचे उत्तर विद्यापीठातील मराठी विभागांनीही आजवर दिलेले नाही. आपल्याकडे बोलींवर प्रबंध होतात. त्या बोली बोलणाऱ्या मुलांच्या वह्या कोणी पाहिल्या आहेत काय?

शिक्षकास जे करता येत नाही ते पाहुण्यास येथे करता येते, कारण त्याच्या हाती गुणपत्रक नसते. त्याने मुलाची ओळ मोठ्याने वाचून दाखवावी, ‘भरून राहिली’ तसेच ठेवावे, आणि ते का ठेवले हे वर्गासमोर शिक्षकाच्या उपस्थितीत सांगावे. एवढ्याने मुलाच्या घरची भाषा कागदावर चालते ही गोष्ट प्रथमच अधिकृत होते. परंतु याच्याही उलट टोकास जाणारे पाहुणे असतात. त्यांना ग्रामीण मुलाकडून बोलीच हवी असते. मुलाने प्रमाणभाषेत एखादे डौलदार वाक्य लिहिले तर ते त्यांना कृत्रिम वाटते. हाही एक जुलूमच आहे. ज्या मुलीला खाप्याच्या नदीविषयी संस्कृतप्रचुर मराठीत लिहावेसे वाटते, तिला ‘तुझ्या भाषेत लिही’ असे सांगणाऱ्यास तिची भाषा कोणती हे ठरविण्याचा अधिकार कोणी दिला? टिळकांच्या घरात एक जण संस्कृत वळणाच्या शब्दांनी निसर्ग रंगवीत होता आणि दुसरी व्यक्ती पुढे घरगुती बोलीत आयुष्य सांगणार होती. दोन्ही वाटा खऱ्या ठरल्या.

मुलाचे लेखन वाढले हे ओळखावे कशावरून? आपल्याकडे ते छापून आले यावरून ओळखतात. नागपुरातून निघणाऱ्या ‘मुलांचे मासिक’ने, आणि १९७१ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या ‘किशोर’ मासिकाने मुलांपर्यंत चांगले वाङ्मय नेले. मुलांच्या स्वतःच्या लेखनास जागा देण्याचे कामही मराठी बालमासिकांनी केले. अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या बालकुमार साहित्याच्या चळवळीनेही मुलांना व्यासपीठ मिळवून दिले. या सर्वांचे मोल आहेच. परंतु छापील पानावर आलेली मुलांची कविता पुष्कळदा मोठ्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली असते, आणि समीक्षकाच्या दृष्टीने तो पुरावा कच्चा आहे. पक्का पुरावा म्हणजे खोडाखोड. मुलाने पहिल्या दिवशी लिहिलेली ओळ चौथ्या दिवशी स्वतःहून खोडली, ‘निसर्गरम्य’ हा शब्द काढून त्या जागी नदीकाठच्या एखाद्या झाडाचे नाव घातले, तर काहीतरी झाले असे समजावे. शाळेच्या वहीत खोडाखोडीस गुण कापले जातात. लेखकाच्या वहीत तीच लेखनाची खूण असते. पाहुण्या साहित्यिकाने आपले छापील पुस्तक शाळेस भेट देण्याऐवजी स्वतःच्या खोडलेल्या कागदांचे चार ताव मुलांच्या हाती दिले, तर त्याच्या भेटीचे सार्थक अधिक होईल. शाळांना मात्र पुस्तकच हवे असते, कारण ते काचेच्या कपाटात ठेवता येते.

यावरून एकदाच येणाऱ्या पाहुण्याची मर्यादा स्पष्ट होते. खोडाखोड दिसण्यास दुसरी भेट लागते. पहिल्या भेटीत मुले पाहुण्यास आवडेल असे लिहितात. त्यांनी त्याच्याकडे पाहून ते हेरलेले असते, कारण मोठ्यांना काय आवडते हे हेरण्यात मुले तरबेज असतात. दुसऱ्या भेटीपर्यंत वर्गात जे घडते ते शिक्षकाच्या हाती असते. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी कोल्हापुरात सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालया’ने मुलांच्या लिहिण्या-बोलण्यास रोजच्या शिक्षणात जागा दिली, तेथे पाहुणा आला काय किंवा न आला काय, मुलाचे म्हणणे ऐकणारा मोठा माणूस शाळेतच होता. असा माणूस ज्या शाळेत नाही तेथे पाहुण्याची भेट म्हणजे कोरड्या जमिनीवरील एक सर होय. आणि जेथे तो आहे तेथेही शिक्षकास पाहुण्याची गरज भासतेच. रोजचा कान सरावतो, त्याच मुलाची तीच चूक आणि तोच गुण ऐकून तो बधिर होतो. बाहेरचा माणूस येतो आणि वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीची ओळ उचलतो. तेवढे काम त्याचेच आहे.

ही गप्प बसणारी मुलगी पाहुण्यापुढे येईल की नाही, हा प्रश्न मात्र शाळेच्या दाराशीच निकालात निघतो. साहित्यिक येणार म्हटल्यावर मुख्याध्यापक पाचवी ते दहावीपर्यंतची ‘हुशार’ मुले निवडतात आणि पहिल्या रांगेत बसवितात. ज्यांच्या घरी माग आहे, ज्या सकाळी कांड्या भरून येतात, ज्यांच्या निबंधात ‘मले’ येते, अशा मुली त्या रांगेत बहुधा नसतात. त्र्यंबक ठोमरे यांचे शिक्षण वडिलांच्या पोलीसखात्यातील बदल्यांमुळे खानदेशातील निरनिराळ्या गावी तुटकपणे झाले होते. गुण पाहून मुले निवडणाऱ्या एखाद्या शाळेने १९०७ साली त्यांना जळगावच्या संमेलनास पाठविले असते, असे वाटत नाही.